पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जीप: जुनी गाडी दुरुस्त करायला शिकताना पुस्तकं कशी शोधावीत

जुन्या गाडीवर स्वतः काम करायचं ठरवलं की जो तो सांगतो, चांगला मिस्त्री धरा. सल्ला बरोबर आहे. पण कार्बुरेटर (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) आणि प्लग-पॉइंटवर (ठिणगी पाडणारे भाग) हात बसलेले मिस्त्री आता कमी राहिलेत, आणि जे आहेत त्यांना प्रत्येक बोल्टमागचं कारण समजावून सांगायला वेळ नसतो. शिकायचं असेल तर पुस्तक हवंच. नवखी मंडळी इथेच अडतात. ‘पद्मिनी रिपेअर बुक’ असं शोधलं की हाती जवळजवळ काही लागत नाही, मग आपल्या गाडीवर पुस्तकच नाही असं समजून ती गप्प बसतात. पुस्तकं आहेत, पण बहुतेक वेळा ती दुसऱ्याच गाडीच्या नावावर आहेत. म्हणून शोध गाडीच्या नावावरून न करता तिच्या इंजिन, गिअरबॉक्स आणि कार्बुरेटरवरून करायचा. हा लेख त्याच क्रमाने जातो.

१. आधी वही घ्या, गाडीखाली वाका

पुस्तकावर एक रुपयाही घालण्याआधी गाडीची माहिती लिहून काढा. आरसी बुकातला चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर घ्या आणि प्रत्यक्ष गाडीवर कोरलेल्या नंबरांशी ताडून बघा. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांची इंजिनं बदललेली असणं अगदी सामान्य आहे. पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरमध्ये डिझेल बसवलेलं असतं, जीपमध्ये तर काहीही असू शकतं. नंबर जुळत नसतील तर पुस्तक कागदावरच्या इंजिनाचं नको, बॉनेटखाली जे आहे त्याचं हवं. (नंबरांचा तो प्रश्न आरटीओत वेगळा सोडवावा लागेल.)

त्यानंतर कार्बुरेटरच्या अंगावर ओतलेलं नाव आणि नंबर टिपा. डिस्ट्रिब्युटर कोणत्या कंपनीचा, चार्जिंगला डायनामो आहे की अल्टरनेटर, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत की पुढे डिस्क, गिअरचा दांडा स्टिअरिंगवर की खाली, हे सगळं लिहा. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय तेही लिहा. पुस्तकाच्या दुकानात उभं असताना ही वही जवळ असेल तर निवड पाच मिनिटांत होते.

२. गाडीचं मूळ गाव शोधा

भारतातल्या बहुतेक जुन्या गाड्या परदेशी गाड्यांच्या परवान्यावर बनल्या आणि पुढे अनेक दशकं इथेच बदलत गेल्या. म्हणून मूळ गाडीचं पुस्तक बरंच उपयोगी पडतं, पण डोळे मिटून नाही.

पद्मिनीपासून सुरू करू. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. मूळ गाडी फियाट ११००. आपल्याकडे ती आधी ‘११०० डिलाइट’, मग ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. त्यामुळे शोधताना ‘फियाट ११००डी’ लिहायचं. पण इथे एक खाच आहे. इटलीतल्या ११००डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं, आपल्या गाडीचं १०८९ सीसीचं आहे. नंतर आलेल्या ११००आरला १०८९ सीसीचंच इंजिन होतं, पण तिचे पुढचे ब्रेक डिस्कचे आणि गिअरचा दांडा खाली. म्हणजे बॉडी आणि सस्पेन्शनसाठी एक प्रकरण, इंजिनासाठी दुसरं असं निवडून वाचावं लागतं. ११००ची १९५७ ते १९६९ अशी सगळी मॉडेलं एकत्र घेणारं पुस्तक मिळालं तर तेच घ्या. प्रत्येक तक्त्यात आपला रकाना कोणता हे पहिल्याच दिवशी पेन्सिलीने खूण करून ठेवा.

अ‍ॅम्बेसेडरची गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते, कारण तिथे पुस्तकं भरपूर आहेत आणि लोकांना ते माहीत नसतं. हिंदुस्तान मोटर्सने ही गाडी मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३वरून घेतली. सुरुवातीला साइड-व्हॉल्व्हचं १४७६ सीसीचं इंजिन होतं. १९५९पासून आलं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज, १४८९ सीसी. हेच बी-सिरीज इंजिन ब्रिटनमध्ये एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये बसत होतं, आणि त्याचाच १७९८ सीसीचा मोठा भाऊ एमजीबीमध्ये. एमजीच्या गाड्यांचे चाहते जगभर आहेत, त्यामुळे त्यांची पुस्तकं आजही छापली जातात. घरातल्या अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनाचा तळ कसा उघडायचा, टायमिंग चेन कशी बसवायची, व्हॉल्व्ह कसे घासायचे हे एमजीए १५००च्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये नीट वाचायला मिळतं. मात्र त्याच पुस्तकातलं पुढच्या सस्पेन्शनचं प्रकरण सोडून द्या. एमजीएला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, अ‍ॅम्बेसेडरला टॉर्शन बार. तिथे मॉरिस ऑक्सफर्डचंच पुस्तक लागेल. कार्बुरेटरही तपासा, एमजीएला एसयू कंपनीचे दोन असतात. आणि तुमची गाडी नव्वदच्या दशकातली १८०० इसुझू असेल तर यातलं इंजिनाचं काहीच लागू पडत नाही. ते इंजिन वेगळं आणि त्याचा पाच गिअरचा बॉक्सही वेगळा.

स्टँडर्ड हेराल्डवाल्यांचं काम सोपं आहे. मद्रासला बनलेली ही गाडी म्हणजे ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड. इंजिन ९४८ सीसीचं की ११४७चं एवढं पाहून ट्रायम्फचं पुस्तक घ्यायचं.

जीप असेल तर उत्तम साहित्य फुकट मिळतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूसाठी तांत्रिक पुस्तिका काढल्या. टीएम ९-८०३ ही १९४४ची पुस्तिका चालवणं आणि रोजची देखभाल शिकवते, टीएम ९-१८०३ए इंजिन आणि क्लच, टीएम ९-१८०३बी क्लचनंतर चाकांपर्यंतचा सगळा ड्राइव्ह. त्या सरकारी असल्याने त्यांच्यावर कॉपीराइट नाही. गॅरेजचा अनुभव नसलेल्या सैनिकालाही काम जमावं अशा बेताने त्या लिहिल्या आहेत, त्यामुळे जीप नसली तरी एकदा वाचाव्यात. महिंद्राची सीजे३बी ही त्याच घराण्यातली, पण तिचं हरिकेन इंजिन वेगळं आहे. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, तर एमबीचे दोन्ही ब्लॉकमध्ये. शिवाय एमबीची वायरिंग ६ व्होल्टची. पुढच्या काळातल्या महिंद्रा जीपना प्युजोचं डिझेल आलं, तिथे इंजिनाची प्रकरणं निरुपयोगी ठरतात. ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा डबा) आणि अ‍ॅक्सल समजून घ्यायला मात्र जुनी पुस्तिका अजूनही चालते.

३. कोणत्या प्रकारचं पुस्तक कशासाठी

पार्ट्स कॅटलॉग. नवख्याने पहिल्यांदा हेच मिळवावं असं माझं ठाम मत आहे, आणि बहुतेक लोक नेमकं हेच घेत नाहीत. त्यात दुरुस्तीची एक ओळही नसते. असतात ती फक्त चित्रं, प्रत्येक जोडकामाचा एकेक भाग सुटा करून ओळीने मांडलेला, नंबरासकट. वॉशर स्प्रिंगच्या आधी की नंतर, बुश कोणत्या बाजूने, सर्कलिप किती, हे सगळं एका नजरेत कळतं. सुटे भाग आणायला गेल्यावर ते पान दुकानदारासमोर ठेवलं की शब्दांचा घोळही होत नाही.

कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल सर्वांत विश्वासाचं. मोजमापं, झीज किती चालेल त्याच्या मर्यादा, बोल्टचा टॉर्क (तो किती जोराने आवळायचा तो आकडा), सगळं यात असतं. पण ते प्रशिक्षित मेकॅनिकसाठी लिहिलेलं आहे. ‘विशेष अवजार अमुक नंबर लावून बेअरिंग काढा’ असं एका ओळीत सांगून ते पुढे जातं, आणि ते अवजार आपल्याकडे नसतं.

ही अडचण ओळखूनच हेन्सची पुस्तकं निघाली. जॉन हेन्स यांनी १९६६मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटवर पहिलं मॅन्युअल काढलं. पद्धत अशी की प्रत्यक्ष गाडी पूर्ण उघडायची, पुन्हा जोडायची, फोटो काढत जायचं आणि शक्य तिथे साध्या अवजारांनी काम कसं होईल ते सांगायचं. शिकणाऱ्याला ही पुस्तकं सर्वांत जवळची वाटतात. त्यांची एक सवय मात्र लक्षात ठेवा. उघडण्याचं सविस्तर सांगून झालं की ‘जोडणी उलट क्रमाने करा’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून उघडताना मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत चला.

पाठ्यपुस्तक. इंजिन मुळात चालतं कसं हे माहीत नसेल तर कोणतंही मॅन्युअल नुसती हुकमांची यादी वाटेल. विल्यम क्राउझ यांचं ‘ऑटोमोटिव्ह मेकॅनिक्स’ अनेक पॉलिटेक्निकच्या लायब्ररीत सापडतं. इथे एक उलटा नियम लावा, आवृत्ती जितकी जुनी तितकी तुमच्या कामाची. नव्या आवृत्त्यांत इंधन इंजेक्शन आणि इलेक्ट्रॉनिक्सला जागा देताना कार्बुरेटर, पॉइंट आणि डायनामो आक्रसत गेले. साठ-सत्तरच्या दशकातली आवृत्ती रद्दीच्या भावात मिळते आणि तुमच्या गाडीच्या काळाशी तंतोतंत जुळते. इंग्रजी जड जात असेल तर आयटीआयच्या ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ ट्रेडची पुस्तकं पाहा. ती चेन्नईची ‘निमी’ ही केंद्र सरकारची संस्था काढते, इंग्रजीखेरीज हिंदीत आणि प्रादेशिक भाषांतही. प्रॅक्टिकलच्या पुस्तकात फाइल कशी धरायची, फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) कसा वापरायचा इथपासून सुरुवात आहे. ज्याने कधी पाना हातात धरला नाही त्याने हीच आधी वाचावीत.

ओनर्स हँडबुक, म्हणजे गाडीसोबत ग्लोव्ह बॉक्समध्ये येणारी छोटी पुस्तिका, लोक सहज फेकून देतात. वंगणाचा तक्ता, टायरमधली हवा, ग्रीस निपल कुठे किती, हे सगळं त्यात असतं. मिळाली तर जपा.

४. शोधायचं कुठे

पहिला फेरा घराजवळचाच. जुन्या गॅरेजच्या कपाटात आणि तीस-चाळीस वर्षं स्पेअर पार्ट विकणाऱ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर कॅटलॉग पडलेले असतात. विकत मागितले तर बहुधा नकार मिळतो. ‘झेरॉक्स काढून तासाभरात परत आणतो’ म्हटलं, आणि खरंच आणून दिलं, की पुढची दारंही उघडतात. मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपासची स्पेअरची दुकानं आणि कुर्ल्याचा भंगार बाजार यासाठी पालथा घालावा.

रद्दी आणि जुनी पुस्तकं हा दुसरा फेरा. मुंबईत फ्लोरा फाउंटनचे फूटपाथवरचे विक्रेते, पुण्यात जुना बाजार. पाठ्यपुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. विक्रेत्याला गाडीचं नाव सांगून ठेवा आणि अधूनमधून चक्कर मारत राहा. अशी पुस्तकं एखाद्या घराची आवराआवर झाली की गठ्ठ्यानेच येतात.

इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मॅन्युअलं स्कॅन करून ठेवलेली आहेत. जीपच्या पुस्तिका तिथे सहज मिळतात. शोधताना इंग्रजीत मूळ गाडीचं नाव, वर्ष आणि ‘वर्कशॉप मॅन्युअल’, ‘शॉप मॅन्युअल’, ‘पार्ट्स लिस्ट’ हे तिन्ही शब्द आलटून पालटून टाका. ब्रिटिश प्रकाशक पहिला शब्द वापरतात, अमेरिकन दुसरा. ब्रिटिश गाड्यांच्या कंपनी मॅन्युअलांची अधिकृत पुनर्मुद्रणं ब्रुकलँड्स बुक्स काढतं, ती नवी कोरी मिळतात. पैसे भरून अनोळखी ठिकाणाहून पीडीएफ घेणार असाल तर आधी अनुक्रमणिकेचं पान मागा. एकच अपुरं स्कॅन वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं.

ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत कुणी नात्यातलं असेल तर त्यांना जरूर कामाला लावा. इंग्लंडात ब्यूली इथे दरवर्षी जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा आणि पुस्तकांचा मोठा बाजार भरतो, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला. तिथे ही मॅन्युअलं स्वस्त असतात. पोस्टाने मागवली तर पुस्तकापेक्षा टपालखर्चच जास्त होतो, पण सुट्टीला येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत दोन पुस्तकं सहज मावतात.

व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या क्लबांच्या रॅलीला जा. तुमच्याच मॉडेलच्या मालकाशी दहा मिनिटं बोललात की कोणतं पुस्तक खरोखर वापरात आहे ते कळतं.

५. हातात घेऊन तपासा

एकच काम ठरवा आणि प्रत्येक पुस्तकात तेवढंच वाचा. टॅपेट सेट करणं (व्हॉल्व्हची फट जुळवणं) किंवा ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडणं, दोन्ही चांगली. वाचून झाल्यावर डोळ्यांपुढे काम उभं राहतं का? कोणता पाना, कोणता क्रम, इंजिन गरम हवं की थंड, शेवटी खात्री कशी करायची? यातलं काही हवेत राहत असेल तर पुस्तक परत ठेवा.

मग पहिली पानं बघा. कोणत्या चॅसिस किंवा इंजिन नंबरपासून कुठवर हे पुस्तक लागू आहे ते तिथे लिहिलेलं असतं. मागची पानंही बघा. अनेक पुस्तकांत नंतरचे बदल शेवटी पुरवणीत घातलेले असतात आणि मधल्या प्रकरणात जुनेच आकडे राहतात. वायरिंगचा घडीचा नकाशा फाडून नेलेला नाही ना, हे उघडून पाहा. जुन्या पुस्तकांतून सर्वांत आधी तोच गायब होतो. तेलाचे डाग चालतील. पानं कमी असलेली चालणार नाहीत.

झेरॉक्स प्रत घेत असाल तर रेषांची चित्रं असलेलं पुस्तक निवडा. फोटोंवर चालणारं पुस्तक झेरॉक्समध्ये काळ्या चौकोनांचं होतं आणि मग त्याचा काही उपयोग राहत नाही.

६. जुनं पुस्तक जिथे फसवतं

मापं. ब्रिटिश पुस्तकात टॉर्क फूट-पाउंडात, इटालियनमध्ये किलोग्रॅम-मीटरमध्ये, आणि आजच्या टॉर्क रेंचवर बहुधा न्यूटन-मीटर. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ७.२३ फूट-पाउंड, म्हणजेच ९.८ न्यूटन-मीटर. हे पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहूनच ठेवा. हेडचे बोल्ट चुकीच्या एककात आवळले तर एक तर गॅसकेट जातं किंवा आटे जातात. ब्रिटिश पुस्तकातला ‘एक थाउ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी.

नट-बोल्टचे पाने. फियाटला मिलिमीटरचे, बीएमसी इंजिनाच्या अ‍ॅम्बेसेडरला इंचाचे. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिमी असतो, त्यावर १३चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की कडा गोल करतो. पुस्तक इंचात बोलत असेल तर इंचाचा सेट आणा.

अर्थिंग. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. पुस्तक तेच गृहीत धरतं. तुमची गाडी मध्येच कुणी निगेटिव्ह करून घेतली असेल, अल्टरनेटर बसवला असेल, तर पुस्तकातला नकाशा तसाच वापरू नका. वहीतली नोंद इथे कामी येते.

जिवाशी संबंधित गोष्टी. जुनी पुस्तकं ब्रेक ड्रममधली धूळ हवेने फुंकून काढायला सांगतात. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, त्यामुळे धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडावर चांगला मास्क लावा. पेट्रोलने भाग धुवायचा सल्लाही मानू नका, रॉकेल किंवा डीग्रीजर वापरा आणि तेही मोकळ्या हवेत. ब्रेक ऑइलची जुनी नावं आज बाजारात नाहीत. बहुतेक ठिकाणी डॉट ३ किंवा डॉट ४ चालतं, पण त्यात सिलिकॉनचं डॉट ५ कधीच मिसळायचं नाही.

इंधनही बदललंय. ही पुस्तकं शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातली आहेत. भारतात ते २०००मध्ये बंद झालं, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं. कार्बुरेटरची डायफ्रॅम, पेट्रोल पंपाचं रबर, जुने पाइप यांना ते मानवत नाही. पुस्तकात ‘पाइप तपासा’ असं असेल तिथे ‘इथेनॉल चालणारा नवा पाइप घाला’ असं वाचा.

७. गॅरेजच्या भाषेशी सांधा जुळवा

पुस्तकातला स्टार्टर मोटर गॅरेजमध्ये ‘सेल्फ’ असतो, युनिव्हर्सल जॉइंट ‘क्रॉस’, लीफ स्प्रिंग ‘पाटा’, व्होल्टेज रेग्युलेटरचा डबा ‘कट-आउट’. अमेरिकन पुस्तकात बॉनेटला हूड आणि गजन पिनला रिस्ट पिन म्हणतात. पार्ट्स कॅटलॉगच्या चित्रावर गॅरेजमधलं नाव पेन्सिलीने लिहीत गेलात की काही महिन्यांत तुमचा स्वतःचा कोश तयार होतो. मिस्त्री गाडीवर काम करायला येणार असतील तर आदल्या रात्री तेवढं प्रकरण वाचून ठेवा आणि पुस्तक त्यांच्या नाकापुढे न धरता प्रश्न विचारा. ‘भाऊ, इथे किती गॅप ठेवता, आणि का?’ असं विचारलं की बरेच जण मनापासून सांगतात. त्यांचा आकडा आणि पुस्तकातला आकडा वेगळा आला तर दोन्ही लिहून ठेवा, कारण झिजलेल्या इंजिनात त्यांच्या आकड्याला कारण असू शकतं. ब्रेक, स्टिअरिंग आणि टॉर्कच्या बाबतीत मात्र पुस्तकच प्रमाण माना.

८. कोणत्या क्रमाने घ्यावं आणि वाचावं

सगळं एकदम विकत घेऊ नका. आधी आयटीआयचं पुस्तक किंवा जुनं पाठ्यपुस्तक, सोबत पार्ट्स कॅटलॉग. ते वाचत असताना वर्कशॉप मॅन्युअल किंवा हेन्सचा शोध चालू ठेवा. हाताला पहिलं काम वंगणाच्या तक्त्याचं द्या. सगळे ग्रीस निपल शोधणं, ऑइल बदलणं, यात गाडीचा नकाशा डोक्यात बसतो. मग प्लग, पॉइंट आणि टॅपेट. कार्बुरेटर त्यानंतर, कारण इग्निशन ठीक नसताना कार्बुरेटरला दोष देऊन उगाच तो उघडला जातो. ब्रेकचं काम पहिल्यांदा करताना जाणता माणूस सोबत हवाच.

गॅरेजमध्ये नेण्यासाठी लागेल त्या पानाची झेरॉक्स काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मूळ पुस्तक घरात ठेवा. गाडीखाली जाण्यापूर्वी ती नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या. बऱ्याच जुन्या पुस्तकांत हे सांगायचं राहून गेलंय.